सकरूबाबाच्या गुडघ्यांची खरी हकिगत

यवतमाळच्या स्टँडवरून दिग्रसची गाडी सुटली तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि पौषातली थंडी अंगात शिरत होती. अशा हवेत माझ्या वयाच्या माणसानं घराबाहेर पडू नये. सुनेनं तसं बजावलंही होतं. "मामाजी, थोडं ऊन पडू द्या, मग जा," ती म्हणाली. पण ऊन पडेपर्यंत माझा धीर टिकला नसता. हे जाणं मी आधी पुष्कळदा पुढं ढकललं होतं.

काही वर्षांमागे मी याच साप्ताहिकात 'बोलके गुडघे' नावाचा लेख लिहिला होता. जुन्या वाचकांना आठवत असेल. दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यात एका म्हाताऱ्याचे गुडघे पावसाचा अंदाज सांगतात, सारा तांडा त्यावर विसंबून असतो, आणि एका पावसाळ्यात ते गुडघे चुकले नि एक बाई नदीत गेली, अशी ती हकिगत होती. शेवटी अडाणीपणावर चार शब्द ऐकवले होते. लेख लोकांना आवडला. लग्नाच्या पंगतीत कोणी तरी मला हाक मारून "काय म्हणतात गुडघे?" असं विचारायचं आणि भोवतालचे हसायचे. त्या लेखात लिहिलेलं सगळं खरं होतं. एक गोष्ट तेवढी मी त्यात घातली नव्हती. ते गुडघे मी गप्प केले होते.

गाडीची खिडकी नीट लागत नव्हती. यवतमाळ सोडलं की दोन्ही बाजूंना वेचणीचा कापूस लागतो. एरवी या दिवसांत तो उन्हात डोळ्यांना खुपेल इतका पांढरा असतो. त्या दिवशी ओलीनं मळकट होऊन बोंडांतून खाली लोंबत होता. दारव्ह्यापर्यंत माझे गुडघे नुसते जड होते. तिथं बारीक पाऊस सुरू झाला आणि त्यांच्यात कोणी ओली वाळू भरून ठेवावी तसं झालं. उभं राहिलं तर वाकेनात, बसलं तर सरळ होईनात.

मी दिग्रसच्या बाजूला एका खाजगी दवाखान्यात जन्मभर कंपौंडर होतो. पावसाळ्यात आणि अशा ओल्या थंडीत सांधे धरलेली माणसं जास्त येतात, हे मी दरसाल पाहत होतो. असं का होतं, ते आमच्या डॉक्टरसाहेबांनाही नक्की सांगता येत नसे. कधी म्हणत, थंडीनं शिरा आखडतात. कधी म्हणत, हवा बदलली की सांध्यातली सूज वाढते. पाऊस पडायच्या आदल्या दिवशीच ठणका लागतो असं सांगणारे रोगी पुष्कळ असत. मी पुड्या बांधायचो आणि मनात हसायचो. ते दुखणं काय असतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, त्याच्या आगेमागेची गोष्ट. भावसिंग नावाचा तांड्यातला एक तरुण भिजत दवाखान्यात आला. सकरूबाबा त्याचा बाप.

"बा रातभर कन्हते," तो म्हणाला. "दवा म्हनलं तं घेत नाई. म्हनते, दवा घेतली तं टोंगळे (गुडघे) मुके होतीन, मंग तांड्याले कोन सांगन?"

मी डॉक्टरसाहेबांना न विचारता सॅलिसिलेटच्या, म्हणजे दुखणं मारणाऱ्या औषधाच्या, पुड्या बांधल्या. गुळाच्या चहात टाका, त्याला कळणारही नाही, असं सांगितलं. भावसिंग पुड्या हातात घेऊन दाराशी घुटमळला. मी म्हणालो, "अरे, गुडघ्यांना पाऊस कळत असता तर सरकारनं हवामानखातं कशाला पोसलं असतं?" बाकावरचे रोगी हसले. तोही ओशाळून हसला आणि गेला. पुढं तो पुड्या नेतच राहिला. म्हातारा आता रात्री झोपतो, असं एकदा त्यानं फार आनंदानं सांगितलं होतं.

हस्ताचे दिवस होते. अरुणावतीच्या पलीकडच्या शेतात तांड्यातल्या बायका निंदायला जाणार होत्या. नाईकानं (तांड्याच्या प्रमुखानं) नेहमीप्रमाणे म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा म्हणाला, टोंगळे गप आहेत, जाऊ द्या. दुपारनंतर वरच्या अंगाला कुठं तरी मोठा पाऊस झाला. संध्याकाळी बायका परतताना हातात हात धरून नदीत उतरल्या तेव्हा पाणी चढत होतं. शेवटची होती जमनी, भावसिंगची बायको. तिचा हात सुटला.

भावसिंग पुन्हा दवाखान्यात आला नाही. मी कोणाला काही बोललो नाही. पुढं यवतमाळला राहायला आलो आणि तो लेख लिहिला.

दिग्रसला उतरलो तेव्हा पाय जमिनीवर टेकवत नव्हते. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग लागली होती आणि लोक मालावर ताडपत्र्या ओढत होते. हॉटेलात चहा घेतला, भट्टीपाशी बसून गुडघे शेकले. तिथंच नामदेव नावाचा एक कास्तकार भेटला. माल खाली करून रिकामी बंडी घेऊन तो गावी निघाला होता आणि तांडा त्याच्या वाटेवर होता. त्यानं तुरीच्या कुटारावर (भुशावर) पोतं टाकून मला बसवलं.

"तांड्यावर कायले चालले, काका? ह्या वयात, ह्या चिखलात?"

"सकरूबाबाला भेटायचंय."

"टोंगळेवाला?" नामदेव हसला. "त्याले आता कोनी इचारत नाई. पयले आमीबी इचारत होतो. माह्या मायनं कुरड्या वाळू घातल्या का मले तांड्यावर पिटाळे, जाय, बाबाले इचारून ये."

"मग आता काय झालं?"

"सून गेली ना नदीत. तवापासून पोरगा बोलत नाई त्याच्याशी. एका घरात राह्यते, एका चुलीवरचं खाते, पन बोलनं नाई." त्यानं बैलाची शेपटी पिळली. "टोंगळे म्हंजे काय रेडू (रेडिओ) हाये काय बापा, रोज बोलाले?"

सकरूबाबाचे वाडवडील लदेणी करायचे. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवरून मालाची ने-आण. मीठ आणि धान्य वाहणाऱ्या या लोकांना पावसाची फार भीती. मीठ भिजलं की पाण्याबरोबर गेलं. म्हणून सकाळी गोणी लादण्यापूर्वी नाईक तांड्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या माणसापाशी यायचा आणि विचारायचा, आज दुखतंय का? दुखत असेल तर बैल सोडलेले राहायचे. आगगाड्या आल्या, लदेणी बंद पडली, तांडे शेती करू लागले, तरी ते विचारणं राहिलं. घरातल्या थोर माणसाचं दुखणं तांड्याच्या उपयोगी पडतं, ही गोष्ट मला त्या काळी हसण्यासारखी वाटली होती. आता मी माझ्या गुडघ्यांवर हात दाबून कुटारावर बसलो होतो आणि माझं दुखणं कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

तांड्याच्या अलीकडच्या नाल्यात बंडीचं चाक रुतलं. नामदेवनं बैलांना पुष्कळ चुचकारलं, मग शिव्या दिल्या, मग माझ्याकडं पाहिलं. मी उतरलो. पाणी पोटरीपर्यंत होतं आणि इतकं गार, की दुखायचं थांबून पाय आपले नाहीतच असं वाटलं. पलीकडं चढल्यावर ते पुन्हा माझे झाले. नामदेवच्या खांद्यावर भार टाकून मी तांड्यात शिरलो.

सकरूबाबा ओट्यावर, वाऱ्याच्या तोंडाशी बसला होता. अंगणात शेकोटी होती, पण तो तिच्यापासून दूर होता. गुडघे उघडे, सुजून कवठासारखे झालेले. त्याची बायको चुलीपाशी होती. सारा तांडा तिला याडी (आई) म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणालो. दंडापर्यंत बांगड्या घातलेला हात हलवून तिनं "बेसो, बेसो" (बसा) म्हटलं आणि मी दवाखान्यातला कंपौंडर आहे हे कळल्याबरोबर माझ्यापाशी तक्रार घातली.

"तुमी तरी सांगा ह्याले. शेकोटीपाशी येत नाई. घोंगडं देलं तं खांद्यावर घेते, पायावर घेत नाई. सून गेली तवापासून असंच."

"ऊब भेटली का टोंगळे झोपते," म्हातारा म्हणाला. "त्याहीले झोपू नाई द्याले पाह्यजे."

"पन इचारते कोन तुमाले?"

"इचारलं तं?"

याडीनं चुलीत काटकी सारली. हे त्यांचं रोजचं असावं. म्हातारा माझ्या पायांकडं पाहत होता. "तुमचे बी बोलाले लागले, साहेब."

"नुसते दुखतात, बाबा. बोलत काही नाहीत."

"आयकाले टाइम लागते," तो म्हणाला आणि जराशानं, "माहे बी एक डाव बोलले नाई."

हीच वेळ होती. मी यवतमाळपासून मनात जुळवत आणलेलं वाक्य ओठांवर घेतलं, तोच भावसिंग शेतातून आला. डोक्यावर पोत्याची खोळ होती. केस पिकायला लागले होते. त्यानं मला ओळखलं. बापाकडं न पाहता तो म्हणाला, "चला साहेब, नदी दाखवतो."

नदी जवळच होती. या दिवसांत ती कशीबशी गुडघाभर वाहते. एका खडकावर त्यानं मला बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

"तुमी सांगाले आले."

"हो. चूक माझी आहे. तुझ्या बापाला कळलं पाहिजे की गुडघे चुकले नव्हते, औषधानं गप्प झाले होते. त्याच्या छातीवरचा दगड उतरेल. तुझाही त्याच्यावरचा राग जाईल."

"राग?" भावसिंगनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी दुसरीच कुठली तरी भाषा बोललो होतो. "बा वर मले कायचा राग? मले माहीत नाई काय, पुड्या कोनं आनल्या ते? त्याच्यासमोर बसलो का हेच तोंडात येते. तोंड उघडलं का हेच बाहेर पडन. म्हनून बोलत नाई."

"मग पडू दे ना बाहेर. मी सांगतो. तुझ्याकडे बोट न जाऊ देता सांगतो."

"माह्याकडं जाऊ द्या, साहेब. माह्यं काय हाये." तो खाली बसला. "चहा कोन करून देत होतं बा ले? जमनी. पुडी तेच टाके. मी तिले सांगतलं होतं, कंपौंडरसाहेबानं असं सांगतलं म्हनून. बा तिच्या हातचाच चहा पेत होता, दुसऱ्याच्या हातचा त्याले गोडच लागत नसे. त्या दिवशी सकाळीबी तिनं टाकली. मंग नाईक इचाराले आला. मंग ते शेतात गेली."

पाण्यावर पावसाचे बारीक थेंब पडत होते.

"बा तिले पोरगी मानते," भावसिंग म्हणाला. "त्याले काय सांगता तुमी? तुह्या पोरीनं तुह्यापासून चोरून तुहे टोंगळे मुके केले अन् त्याच्यानंच ते गेली? आता तो सोताले दोष देते. ते त्याले झेपते. हे झेपनार नाई."

"आणि तुमचं बोलणं?"

"राह्यलं ते."

मी त्याला वचन दिलं. इतकी वर्षं मी कोणी न मागता गप्प राहिलो होतो. आता माझ्याकडं कोणी तरी गप्प बसणं मागत होतं.

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची बाटी (भाकर), हरभऱ्याची भाजी आणि ठेचा होता. याडीनं माझ्या ताटात तेलाची धार जरा जास्त धरली. मी सगळं जेवलो, कारण ती समोर बसून पाहत होती. भावसिंगनं बापाला हात धरून आत आणलं, पाटावर बसवलं, पाण्याचा तांब्या त्याच्या उजव्या हाताशी ठेवला. सगळं मुक्यानं. राग असलेला माणूस इतक्या हळू तांब्या ठेवत नाही, हे मला दिसत होतं. म्हाताऱ्याला ते दिसत नव्हतं.

जेवण झाल्यावर सकरूबाबा माझ्याकडं वळला.

"साहेब, तुमी दवाखान्यात काम केलं. एक इचारू काय? पानी येनार असन अन् टोंगळे दुखलेच नाई, असं होते काय?"

भावसिंग दाराशी दोरी वळत होता. त्याचे हात थांबले.

"मी खोटं नाई बोललो," म्हातारा म्हणाला. तो माझ्याशी बोलत होता, पण आवाज दाराकडं जात होता. "त्या दिवशी खरंच दुखत नव्हते. थोडंबी नाई. हलके झालते, पोराच्या पायावानी. मले तं बरं वाटलं होतं. म्या म्हनलं, जाऊ द्या. माह्या पोराले एवढं सांगून द्या, का बापानं जानून केलं नाई. तुमचं आयकन तो. तुमी शिकलेले हा."

त्या क्षणी माझ्यापाशी खरं उत्तर होतं आणि ते ऐकायला हवी ती दोन्ही माणसं समोर होती. भावसिंगनं मान वर केली नाही. मी म्हणालो, "थंडीपावसाचं आणि सांध्यांचं नातं आम्हालाही पुरतं कळलेलं नाही, बाबा. कधी दुखतात, कधी नाही दुखत."

हे वाक्य कोणत्याही डॉक्टरानं मान्य केलं असतं.

"मंग सांगत नव्हती काय मी," याडी म्हणाली. "हवेचा खेळ हाये. या आता शेकोटीपाशी."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "नाई," तो म्हणाला. "म्याच ध्यान देलं नसन. बरं वाटलं त्याच्यात भुललो." आणि त्यानं पायांवर आलेलं धोतर गुडघ्यांच्या वर सारलं.

दुसऱ्या दिवशी भावसिंगनं मला बंडीतून दिग्रसला सोडलं. नाल्यात त्यानं मला उतरू दिलं नाही. स्वतः पाण्यात उभा राहून चाक ढकललं. वाटेत तो एकदाच बोलला. माझ्या लेखाबद्दल मी त्याला काही सांगितलं नव्हतं, पण त्याला तो ठाऊक होता. तांड्यातल्या शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवला होता. "लोक हासले असतीन," तो म्हणाला. मी हो म्हटलं. "बा हाये तवर खरं काई लिहू नका. मंग तुमच्या मनाले येईन ते करा."

परतीच्या गाडीत थंडी तशीच होती. मी निघालो तेव्हा वाटत होतं की खरं सांगणं ही माझ्या हातातली गोष्ट आहे; फक्त धैर्य पाहिजे. धैर्य करून गेलो आणि कळलं, सांगायची वेळ कधीच निघून गेली होती. पूर ओसरला त्याच आठवड्यात मी तांड्यावर जाऊन बोललो असतो तर लोकांनी मला मारलं असतं, दवाखाना सोडायला लावला असता, आणि बाप-लेक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले असते. जमनीनं पुडी टाकली हेही तेव्हा त्या रडण्यात वाहून गेलं असतं. इतक्या वर्षांत त्या घरानं माझ्या मौनावर आपली राहणी बसवली होती. ती मोडायचा हक्क मला उरला नव्हता. घरी आल्यावर सुनेनं विचारलं, "झालं का काम, मामाजी?" मी हो म्हणालो.

प्रवास इथं संपला. पण हकिगत अजून थोडी आहे.

त्यानंतरच्या श्रावणात भावसिंग यवतमाळला माझ्या घरी आला. आठवडाभर झड लागली होती. बापाला आता कूस बदलता येत नाही, अंगावर कापड टेकलं तरी ओरडतो, असं तो म्हणाला. मी त्याला एका चांगल्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांच्या चिठ्ठीनं गोळ्या घेऊन दिल्या. निघताना त्यानं विचारलं, "बा ले काय सांगू?"

"खरं सांग. औषध आहे म्हणून सांग. या वेळी चोरून नाही."

त्यानं तसंच केलं. बापाजवळ बसून, इतक्या वर्षांनी, स्वतःच्या तोंडानं म्हणाला, बा, दवा आनली हाये, घे. म्हाताऱ्याला फार आनंद झाला. पोराचा हात त्यानं धरून ठेवला. पण गोळी घेतली नाही. म्हणाला, झडीचे दिवस आहेत, नदी भरलेली आहे, बायका पलीकडं जातात. टोंगळे आता मुके झाले तर पुन्हा कोणाचा तरी जीव जाईल. भावसिंगनं पुष्कळ विनवलं. याडी रडली. नाईकानं येऊन सांगितलं की बाबा, तुम्हाला आता कोणी विचारणार नाही, सुखानं घ्या. त्यानं ऐकलं नाही. झड उघडण्यापूर्वी, कण्हत कण्हत, तो गेला.

ही शेवटची गोष्ट मला भावसिंगनं सांगितली. तो पोळ्यानंतर आला होता. माझ्या ओट्यावर बसून त्यानं कागदाची पुडी काढली आणि गोळ्या माझ्यासमोर ठेवल्या. चिठ्ठीप्रमाणे दिल्या होत्या तेवढ्या सगळ्या होत्या.

"आता लिहा," तो म्हणाला. मग माझ्या पायांकडं पाहून, "तुमचे टोंगळे दुखते ना. ह्या तुमी घ्या."

त्यात टोमणा नव्हता. गोळ्या वाया जाऊ नयेत एवढंच त्याच्या मनात होतं. दिवाळीनंतर हवा गार पडली तेव्हा मी त्या घेतल्या. गुण आला.